राखून न ठेवलेला डाव

फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ होती. रमजान तोंडावर आलेला, त्यामुळे घरात साफसफाई आणि सामानाच्या याद्यांची गडबड. मुलगी दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. तिचा बारा वर्षांचा मुलगा दिवाणावर पालथा पडून मोबाईल पाहत होता. एकदम ओरडला, "नाना, हे बघा! हा माणूस डोकं पुढे करून बर्फावरून चाललाय. आणि याच्या गाडीला ब्रेकच नाही!"

मी चष्मा लावून पाहिलं. आदल्या रात्री, म्हणजे १३ फेब्रुवारी २०२६ रोजी, इटलीतल्या कोर्तिना इथे हिवाळी ऑलिंपिकमधली पुरुषांची स्केलेटन शर्यत झाली होती आणि ब्रिटनच्या मॅट वेस्टनने सुवर्णपदक जिंकलं होतं. नातवाने ती चित्रफीत तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा संपल्यावर मी विचारलं, "याला शिकवलं कुणी, ठाऊक आहे?"

"नाना, जिंकला तो. तुम्ही मास्तरांचं नाव कशाला विचारता?"

तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस दुसरं काय विचारणार? पण त्या नावाची गोष्ट मला मनापासून आवडते, म्हणून त्याला शेजारी बसवलं आणि सांगायला लागलो. ऐकता ऐकता त्याने शेवटी मलाच एक प्रश्न विचारला आणि माझी बोलती बंद झाली. तो प्रश्न पुढे सांगतो. या सदरात आपण बहुतेक वेळा कुस्ती, कबड्डी, क्रिकेट अशा आपल्या मैदानांवरच्या गोष्टी करतो. या महिन्यात थोडं लांब, बर्फाच्या देशात जाऊ.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. डोंगरउतारावर बर्फाची एक वळणावळणांची नळी कल्पून पाहा. वरून अर्धी उघडी, साधारण सव्वा ते दीड किलोमीटर लांब. खेळाडू वाकून, एका हाताने स्लेड धरून, बर्फावर खिळ्यांचे बूट रोवत तीसेक मीटर जीव तोडून धावतो आणि मग त्या स्लेडवर पोटावर झेपावतो. डोकं पुढे, पाय मागे. हनुवटी बर्फापासून चार बोटं वर. वेग ताशी १२० ते १३० किलोमीटरपर्यंत जातो. स्लेड म्हणजे एक जड सांगाडा आणि त्याखाली पोलादाच्या दोन गोल पट्ट्या, एवढंच. सुकाणू नाही, ब्रेक नाही. वळायचं तर खांदा किंचित दाबायचा, गुडघा किंचित दाबायचा, अगदीच गरज पडली तर बुटाचं टोक बर्फाला टेकवायचं. पण टोक टेकवलं की वेग कमी झालाच म्हणून समजा. वळणावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट दाब येतो आणि मान उचलून धरणंही कठीण होतं.

या खेळाची सुरुवात स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमध्ये, १८८४ च्या सुमारास झाली. ऑलिंपिकमध्ये तो १९२८ आणि १९४८ साली तिथेच खेळला गेला आणि मग थेट २००२ साली परत आला. ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत चार फेऱ्या होतात आणि चारही फेऱ्यांची वेळ एकत्र मोजतात. म्हणजे एक चूक झाली तर ती पुसायला जागा नाही. क्रिकेटमध्ये दुसरा डाव असतो, इथे शतांश सेकंदही परत मिळत नाही.

आता त्या मास्तरांकडे येऊ. नाव मार्टिन्स डुकुर्स. देश लात्विया. बाल्टिक समुद्राकाठचा हा देश १९९१ साली सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. लोकसंख्या वीस लाखांच्याही आत, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षा कमी. राजधानी रीगापासून पन्नासेक किलोमीटरवर, गाउया नदीच्या खोऱ्यात सिगुल्डा नावाचं गाव आहे. तिथे १९८६ साली, सोव्हिएत काळात, बर्फाचा एक ट्रॅक बांधला गेला. सोळा वळणं. जगात असे ट्रॅक मोजकेच आहेत आणि ज्या देशाच्या वाट्याला एक येतो, त्या देशाच्या पोरांना तो अंगणासारखा असतो.

मार्टिन्सच्या बाबतीत तर तो खरोखरच अंगण होता. त्याचे वडील डायनिस डुकुर्स हे स्वतः बॉबस्लेमध्ये गाडी ढकलणारे खेळाडू होते आणि पुढे याच सिगुल्डाच्या ट्रॅकचे व्यवस्थापक झाले. त्यांना दोन मुलगे. थोरला टोमास, १९८१ चा. धाकटा मार्टिन्स, १९८४ चा. दोघेही स्केलेटनकडे वळले. मार्टिन्सने १९९८ साली सुरुवात केली, म्हणजे तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. दोघांना शिकवायला वडीलच.

या मार्टिन्सने पुढे जे केलं, ते या खेळात त्याआधी कुणी केलं नव्हतं. जागतिक विजेतेपद सहा वेळा: २०११, २०१२, २०१५, २०१६, २०१७ आणि २०१९. वर्षभर वेगवेगळ्या देशांत चालणाऱ्या विश्वचषक मालिकेचं एकूण विजेतेपद अकरा वेळा, त्यातली आठ सलग. विश्वचषकाच्या साठाहून अधिक शर्यती त्याने जिंकल्या. इतर खेळाडू वळणावर धडपडत, भिंतींना घासत खाली यायचे. मार्टिन्स पाण्याच्या धारेसारखा यायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा काही करतच नाही, नुसता पडून आहे. या खेळातली खरी कारागिरी तीच: कमीत कमी ढवळाढवळ.

नातू म्हणाला, "मग ऑलिंपिकमध्ये किती सुवर्ण?"

"एकही नाही," मी म्हणालो.

त्याने मोबाईल खाली ठेवला. गोष्ट इथूनच सुरू होते.

२०१० साली कॅनडात व्हँकुव्हर ऑलिंपिक झालं. स्केलेटनची शर्यत व्हिस्लरच्या ट्रॅकवर होती. तीन फेऱ्यांनंतर मार्टिन्स सर्वांत पुढे होता. चौथ्या फेरीत कॅनडाच्या जॉन माँटगोमेरीने घरच्या प्रेक्षकांसमोर जोर लावला आणि चारही फेऱ्यांची बेरीज केली तेव्हा मार्टिन्स मागे पडला होता. किती? ०.०७ सेकंद. जवळजवळ साडेतीन मिनिटांच्या शर्यतीत सात शतांश. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. त्याच शर्यतीत थोरला भाऊ टोमास चौथा आला.

२०१४ साली रशियात सोची इथे पुन्हा तेच. सुवर्ण यजमान देशाच्या अलेक्झांडर ट्रेत्याकोव्हला, रौप्य मार्टिन्सला. आणि टोमास? पुन्हा चौथा.

इथे मी नातवाला थांबवून सांगितलं की क्षणभर त्या वडिलांचा विचार कर. एकाच घरातले दोन मुलगे, एकच उस्ताद, एकच ट्रॅक. एकाचं सुवर्ण निसटलेलं, दुसऱ्याचं पदकच निसटलेलं, आणि तेही दोनदा. अशा दिवशी संध्याकाळी जेवायला बसताना बापाने कुणाच्या पाठीवर आधी हात ठेवायचा? ज्यांच्या घरी दोन मुलं एकाच वर्षी दहावी-बारावीला बसली आहेत, त्यांना हा प्रश्न समजेल.

पुढची गोष्ट अजून विचित्र आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये, रशियातल्या उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ट्रेत्याकोव्हचं सोचीतलं सुवर्ण रद्द ठरवलं. म्हणजे ते आता मार्टिन्सकडे येणार असं दिसू लागलं. जेमतेम दोन-अडीच महिने गेले. १ फेब्रुवारी २०१८ रोजी क्रीडा लवादाने पुरावा अपुरा असल्याचं सांगून तो निर्णय फिरवला. सुवर्ण पुन्हा ट्रेत्याकोव्हचंच राहिलं. आणि यानंतर दोन आठवड्यांनी मार्टिन्सला दक्षिण कोरियात प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये उतरायचं होतं.

तिथे कोरियाच्या युन सुंग-बिनने सगळ्यांना मागे टाकून सुवर्ण नेलं. मार्टिन्सला पदक मिळेल असं शेवटच्या फेरीपर्यंत वाटत होतं. त्या फेरीत त्याच्याकडून चुका झाल्या आणि तो चौथा आला. कांस्यपदक ०.११ सेकंदाने हुकलं. ते कांस्य कुणी नेलं? ब्रिटनच्या डॉम पार्सन्सने. हे नाव आणि हा देश लक्षात ठेवा.

एवढं झाल्यावर माणूस खेळ सोडतो. मार्टिन्सने सोडला नाही. २०१९ च्या जागतिक स्पर्धा व्हिस्लरला होत्या. तोच ट्रॅक, जिथे नऊ वर्षांपूर्वी सात शतांशांनी सुवर्ण गेलं होतं. तिथे तो पस्तिशीला टेकलेला असताना जिंकला. सहावं जागतिक विजेतेपद. मग पुढची तीन वर्षं विश्वचषकाचं एकूण विजेतेपद सलग त्याचंच. पण २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सातवा. २००६ साली तुरीनच्या पहिल्या ऑलिंपिकमध्येही तो सातवाच आला होता. सोळा वर्षं, पाच ऑलिंपिक, दोन रौप्य. वय ३८. तिथे त्याने थांबायचं ठरवलं.

आता आपल्याकडच्या तालमीतली एक गोष्ट. आपण मराठीत 'वस्ताद' म्हणतो तो शब्द 'उस्ताद'वरूनच आलेला. कोल्हापूर-सांगलीकडे तालमीत एक म्हण सर्रास ऐकू येते, की वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. उद्या पठ्ठ्याच उलटला तर तो डाव कामी यावा म्हणून. ही म्हण नुसत्या कुस्तीची नाही. हलवाई पाकाचं माप सांगत नाही. मेकॅनिक हाताखालच्या पोराला इंजिन उघडायला लावतो, पण आवाजावरून दोष ओळखायची खूण सांगत नाही. शिंपी कापड बेतताना पाठ फिरवून उभा राहतो. आमच्या शाळेतसुद्धा असे शिक्षक पाहिले, जे आपली टिपणं कपाटात कुलूप लावून ठेवायचे. हुनर वाटला तर कमी होईल, ही भीती जुनी आहे.

मार्टिन्स डुकुर्सने निवृत्त होताच, २०२२ सालीच, प्रशिक्षकाची जबाबदारी घेतली. कुणाची? ब्रिटनच्या संघाची. ज्या देशाच्या खेळाडूने चार वर्षांपूर्वी त्याचं पदक नेलं होतं, त्याच देशाची.

ब्रिटनची गोष्टही मजेची आहे. त्या देशात बर्फाचा ट्रॅकच नाही. बाथ शहरातल्या विद्यापीठात धावत सुरुवात कशी करायची याचा सराव करायला रुळांची एक छोटी उतरंड आहे, बस्स. बाकी सगळा सराव परदेशात. तरी २००२ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये त्यांना या खेळात पदक मिळत आलं होतं. २०१० मध्ये एमी विल्यम्सने सुवर्ण जिंकलं, २०१४ आणि २०१८ मध्ये लिझी यार्नोल्डने. मग २०२२ मध्ये बीजिंगला सगळं कोसळलं. एकही पदक नाही. मॅट वेस्टन पंधरावा, मार्कस वायट सोळावा. परदेशातून आलेल्या मार्टिन्सच्या हाती हाच संघ आला.

आणि हे शिष्य कोण होते? सिगुल्डाच्या अंगणात वाढलेली पोरं नव्हेत. मॅट वेस्टन लहानपणापासून तायक्वांदो खेळणारा. पाठीच्या दुखापतीने तो खेळ सुटला. मग नव्या खेळाडूंच्या शोधमोहिमेतून, वयाच्या विशीच्या आसपास तो स्केलेटनकडे आला. मार्कस वायट अमेरिकन फुटबॉल खेळायचा. टॅबी स्टोकर सर्कशीची कला शिकलेली. ताकद, चपळाई, हिंमत सगळं होतं. नव्हती ती बर्फाची ओळख, जी मार्टिन्सला चौदाव्या वर्षापासून होती.

आता या खेळात शिकवणं किती अवघड आहे ते पाहा. शरीरावर इतका ताण येतो की दिवसाला मोजक्याच फेऱ्या करता येतात. एक फेरी जेमतेम एक मिनिटाची. म्हणजे दिवसभराच्या तयारीनंतर प्रत्यक्ष बर्फावरचा सराव दोन-तीन मिनिटांचा! पोहणारा रोज चार तास पाण्यात असतो, धावणारा मैदानावर असतो. इथे शिकायचं ते बर्फाबाहेरच. म्हणून प्रशिक्षक सरावाआधी खेळाडूंना घेऊन ट्रॅकमधून पायी चालतो. या वळणात कुठून शिरायचं, कुठे दाब येईल, कुठे सोडून द्यायचं. मग खेळाडू डोळे मिटून, मान हलवत, मनातल्या मनात सगळी वळणं उतरतो. सरावाच्या वेळी प्रशिक्षक वळणाजवळ थंडीत उभा. समोरून शिष्य एका क्षणात निघून जातो, आणि त्या एका क्षणात जे दिसलं त्यावरून चूक शोधायची. तापमान बदललं की बर्फ बदलतो, बर्फ बदलला की खालच्या पोलादी पट्ट्या कुठल्या लावायच्या तेही ठरवायला लागतं. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते पंचवीस वर्षं पोटावर झोपून बर्फ वाचलेल्या माणसाकडे असतं.

आणि सगळ्यांत कठीण धडा म्हणजे काही न करण्याचा. नवा खेळाडू घाबरून सारखी स्लेड वळवायला जातो. जितकं वळवतो तितकी पट्टी बर्फाला घासते, तितका वेळ जातो. एका वळणाला थोडा उशीर झाला तर पुढची दोन वळणं बिघडतात. तेव्हा शिकवायचं ते हे की कुठे हात घालायचा आणि कुठे विश्वास ठेवून सोडून द्यायचं.

फळ यायला वेळ लागला नाही. जानेवारी २०२३ मध्ये सेंट मॉरिट्झला मॅट वेस्टन जागतिक विजेता झाला. २००८ साली क्रिस्टन ब्रॉमली जिंकल्यानंतर पंधरा वर्षांनी एका ब्रिटिश पुरुषाला हा मान मिळाला. पुढच्या वर्षी विश्वचषकाचं एकूण विजेतेपदही त्याचंच, जे अकरा वेळा मार्टिन्सचं होतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला जागतिक स्पर्धेत वेस्टन पहिला, वायट दुसरा. बीजिंगमधले पंधरावा आणि सोळावा, तीन वर्षांत पहिला आणि दुसरा. आणि मग कोर्तिना. १३ फेब्रुवारीला वेस्टनचं सुवर्ण, स्केलेटनमध्ये एखाद्या ब्रिटिश पुरुषाने जिंकलेलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. दोन दिवसांनी मिश्र सांघिक शर्यत होती, एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी. ऑलिंपिकमध्ये ती यंदा पहिल्यांदाच झाली. टॅबी स्टोकर आणि वेस्टन यांनी तीही जिंकली.

जे सुवर्ण मार्टिन्सला पाच ऑलिंपिकमध्ये मिळालं नाही, ते त्याच्या शिष्याने पहिल्याच संधीला आणलं.

शनिवारी गोष्ट सांगताना ही सांघिक शर्यत अजून व्हायची होती. ती सोडून बाकी सगळं ऐकून नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्याने एकही डाव राखून ठेवला नाही."

"राखून ठेवून करणार काय? आता त्याला स्वतःला उतरायचं नाही."

"पण नाना," तो म्हणाला, "मामू पण पळायचे ना? अम्मी सांगत होती, शाळेत पहिले यायचे. तुम्हीच शिकवायचा. मग त्यांनी सोडलं का?"

हाच तो प्रश्न. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. मुलगी दारात येऊन उभी राहिली. आमच्या घरात गेली अठरा वर्षं हा विषय कुणी काढलेला नाही.

उत्तर असं आहे. मी तरुणपणी चारशे मीटर धावायचो. राज्याच्या संघात निवड व्हायची तेव्हा एका जागेने राहिलो. पहिले चार घेतले, मी पाचवा. घरची परिस्थिती अशी की दुसऱ्या वर्षी प्रयत्न करायला वेळ नव्हता, नोकरी धरावी लागली. मुलगा झाला, वाढला, त्याच्या पायात वेग दिसला, तेव्हा मला वाटलं की नसीबाने माझी ती एक जागा परत पाठवली आहे. पहाटे त्याला उठवायचो. स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहायचो. तो पळून आला की त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता आधी घड्याळाकडे पाहायचो. वेळ चांगली आली तर "अजून होऊ शकते," वेळ वाईट आली तर दिवसभर अबोला. तो पंधरा वर्षांचा असताना एका पहाटे उठलाच नाही. म्हणाला, "अब्बा, तुम्हाला पळायचंय, मला नाही." बुटं माळ्यावर टाकली. मी रागावलो, समजावलं, पुन्हा रागावलो. तो पुन्हा मैदानावर आला नाही. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, घरी येतो, सगळं बोलतो, धावण्याचं सोडून.

मी त्याला माझ्याकडचा प्रत्येक डाव शिकवला होता, एकही राखून ठेवला नव्हता. तरी चुकलं कुठे? मार्टिन्स डुकुर्सची गोष्ट वाचता वाचता मला ते उशिरा उमगलं. मी मुलाला हुनर दिला, पण त्याबरोबर माझं देणंही त्याच्या पाठीवर बांधलं. राहिलेली ती चौथी जागा त्याने फेडावी असं मला वाटत होतं. मार्टिन्स ज्यांच्याकडे गेला ते मोठे, जाणते खेळाडू होते. त्यांना जिंकायचं होतं ते त्यांच्या स्वतःच्या कारणांसाठी. तायक्वांदो सुटलेल्या मुलाला दुसरा खेळ हवा होता. बीजिंगमध्ये हरलेल्या संघाला पुन्हा उभं राहायचं होतं. उस्तादाने त्यांना बर्फ वाचायला शिकवलं. व्हँकुव्हरचे सात शतांश त्यांच्या स्लेडवर ठेवले नाहीत. ठेवले असते तर एवढ्या वेगात ते वजन त्यांना पेललं नसतं.

आपल्या घरांमध्ये ही गोष्ट रोज घडते. बापाला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून मुलाला नीटचा क्लास. आईचं शिक्षण लग्नाने अर्धवट सुटलं, म्हणून मुलीने अमुकच शिकावं. काकाचा धंदा बुडाला, म्हणून पुतण्याने तोच पुन्हा उभा करावा. हेतू वाईट नसतो, त्यात प्रेमच असतं. पण मुलाला दोन ओझी एकदम उचलायला लागतात, त्याची परीक्षा आणि आपली जुनी परीक्षाही. त्याने आपली नापास झालेली परीक्षा पास केली तरी ती आपली होत नाही. वेस्टनच्या गळ्यातलं सुवर्ण वेस्टनचंच आहे. नोंदींच्या पुस्तकात मार्टिन्स डुकुर्सच्या नावापुढे ऑलिंपिकची दोन रौप्यपदकंच राहणार. आणि त्यात कमीपणा काही नाही. सहा वेळा जग जिंकलेला माणूस एका पदकाने लहान होत नाही, आणि एका पदकाने मोठाही झाला नसता. त्याने आपली हार आपल्याकडे ठेवली आणि हुनर तेवढा पुढे दिला.

तेव्हा मुलांना सगळे डाव शिकवा, एकही राखू नका. पाकाचं माप सांगा, इंजिनाचा आवाज ओळखायला शिकवा, टिपणांचं कपाट उघडं ठेवा. राखून ठेवायचंच असेल तर एकच गोष्ट राखा, ती म्हणजे आपली अपुरी राहिलेली हौस. ती आपली आपण सांभाळावी.

नातवाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "मामूंचं काही चुकलं नाही, बेटा. मी त्यांच्याकडे पाहायच्या आधी घड्याळाकडे पाहायचो." त्याला किती कळलं ठाऊक नाही. दारात उभी असलेली मुलगी मात्र काही न बोलता आत गेली आणि थोड्या वेळाने दोघांसाठी चहा घेऊन आली. रात्री तिने भावाला फोन लावला आणि बोलणं झाल्यावर माझ्या हातात दिला. धावण्याचं काही बोललो नाही आम्ही. मी एवढंच म्हणालो की ईदला येशील तेव्हा सकाळी माझ्याबरोबर मैदानावर फिरायला चल. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "घड्याळ घरी ठेवाल तर येईन, अब्बा."

ठेवीन म्हणालो.